पृथ्वीचे तापमान कशाने बदलते?

(इयत्ता सहावी व सातवीच्या भूगोल आणि सामान्य विज्ञान या विषयांच्या शिक्षकांसाठी)



वैशाखातील दिवस आहेत. सकाळची शाळा सुटली आहे, मुले घरी गेली आहेत आणि गुरुजी हजेरीपट मिटून ओसरीवर आले आहेत. तेथे सावलीला टेकलेले गावातील एखादे वृद्ध गृहस्थ म्हणतात, "गुरुजी, पृथ्वी तापत चालली आहे असे तुम्ही पोरांना सांगता. पण ऊन काय आजच पडते आहे? आमच्या लहानपणीही पाखरे तडफडून झाडाखाली पडत असत. हे निसर्गाचे चक्र आहे. ते कधी गरम, कधी थंड, असे चालायचेच."

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्याला उत्तर देताना शिक्षकाकडून दोन प्रकारची चूक होण्याचा संभव असतो. "पूर्वी पृथ्वीचे तापमान कधी बदललेच नव्हते," असे म्हटले तर ते असत्य ठरेल. "आपण म्हणता तेच खरे, सारे निसर्गाचेच चक्र," असे म्हणून वेळ मारून नेली तर तेही असत्यच ठरेल. ओसरीवरचे हे बोलणे मुले ऐकत असतात, आणि गुरुजी जे बोलतात ते मुले आयुष्यभर खरे धरून चालतात. म्हणून निसर्गातील कारणे कोणती, त्यांपैकी प्रत्येकाला किती काळ लागतो आणि प्रत्येक कारण मागे कोणती खूण ठेवते, हे शिक्षकास नीट ठाऊक असणे अगत्याचे आहे. हे तीन प्रश्न हाती असले म्हणजे कोणत्याही कारणाची पारख करता येते. प्रस्तुत टिपणात तीच पारख करावयाची आहे. सुदैव असे की, तिच्यासाठी लागणारे बरेचसे पुरावे नागपूर आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांच्या भूमीतच पडलेले आहेत.

१. प्रथम, तापमान म्हणजे कोणते तापमान?

एका दिवसाची किंवा एका गावाची उष्णता म्हणजे पृथ्वीचे तापमान नव्हे. आजची हवा कशी आहे हे एका नोंदीवरून कळते. हवामान मात्र निदान तीस वर्षांच्या नोंदींची सरासरी काढल्यावर कळते, आणि पृथ्वीचे तापमान ठरविण्यासाठी सर्व खंडांवरील व महासागरांवरील नोंदी एकत्र कराव्या लागतात. नागपूर शहरात सिमेंटचे रस्ते वाढले, झाडे कमी झाली, म्हणून शहराची रात्र खेड्यातील रात्रीपेक्षा उबदार झाली, तर तो शहरापुरता बदल होय. त्याचा पृथ्वीच्या सरासरीशी घोटाळा करू नये.

नोंद घेणाऱ्या उपकरणाचीही परीक्षा करावी लागते. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश सेल्सिअस इतके तापमान नोंदले गेले आणि ती वार्ता देशभर पसरली. तपासणीअंती उपकरणात दोष असल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. हे उदाहरण वर्गात अवश्य सांगावे. धक्कादायक आकडा कानी पडताच त्यावर विश्वास ठेवू नये, आणि एक आकडा चुकला म्हणून सर्वच आकडे खोटे असेही मानू नये. शास्त्राची रीत या दोहोंच्या मधली आहे.

२. पैनगंगेच्या काठचे बर्फ

चंद्रपूरच्या पश्चिमेकडे, पैनगंगेच्या काठी, इरई नावाचे गाव आहे. तेथील जुन्या चुनखडकाच्या पृष्ठभागावर घासल्यासारखी चकाकी आणि समांतर ओरखडे आढळले. त्यांचा वृत्तांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील फेडन यांनी १८७५ साली प्रसिद्ध केला. असे ओरखडे वाहत्या पाण्याने पडत नाहीत. हिमनदी आपल्या तळाशी अडकलेले दगडगोटे ओढीत नेते, त्या वेळी खालच्या खडकावर अशा रेघा उमटतात. त्यांच्या वर लहानमोठे धोंडे व बारीक माती यांचे अव्यवस्थित मिश्रण असलेला थर आहे. त्याला ओडिशातील एका स्थळावरून ताल्चिर थर म्हणतात. त्याचे वय सुमारे ३० कोटी वर्षे आहे.

आज जेथे मे महिन्यात दगडाला हात लावता येत नाही, तेथे एके काळी बर्फाचे थर सरकत होते, ही गोष्ट ऐकून मुले चकित होतील. येथेच शिक्षकाने एक महत्त्वाचा भेद स्पष्ट करावा. त्या काळी पृथ्वीवर खरोखरच मोठे हिमयुग चालू होते. परंतु त्याबरोबरच आपली भूमीही आजच्या जागी नव्हती. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे सर्व भूभाग एकत्र जोडलेले असून त्यांचा मोठा भाग दक्षिण ध्रुवाच्या परिसरात होता. या जोडखंडास गोंडवन असे नाव आहे आणि ते आपल्याच गोंडांच्या प्रदेशावरून पडले आहे. कामठीच्या आसपासच्या वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे सापडतात. तसेच ठसे वर सांगितलेल्या सर्व खंडांतही सापडतात.

म्हणजे इरईची थंडी दोन कारणांनी होती. एक तर पृथ्वी थंड होती, आणि दुसरे असे की आपली भूमी ध्रुवाजवळ होती. भूखंड सरकतात, पर्वत उचलले जातात, सागरप्रवाहांच्या वाटा बदलतात आणि त्यामुळे हवामान पालटते. पण भूखंडांची ही गती वर्षाला काही सेंटिमीटर इतकीच असते. साधारणपणे आपली नखे जितक्या वेगाने वाढतात तितकीच ती म्हणावी. या कारणाला परिणाम घडविण्यास लक्षावधी, कोट्यवधी वर्षे लागतात.

३. सीताबर्डीची टेकडी

नागपूरच्या मध्यभागी सीताबर्डीची टेकडी आहे. किल्ला पाहणारे पुष्कळ असतात, परंतु टेकडीचा दगड पाहणारे थोडे. हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हारस होय. लाव्हारसाच्या दोन थरांच्या मध्ये गोड्या पाण्याच्या तळ्यात साचलेल्या गाळाचा पातळ थर आहे. नागपुरात राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूर परिसरातील खडक व जीवाश्म यांवरील आपला निबंध १८५५ साली प्रसिद्ध केला, त्यात या थरांचे वर्णन आले आहे. एक लाव्हा वाहून गेला, तो निवाला, त्यावर तळी झाली, तळ्यांत शंखशिंपले वाढले, आणि पुन्हा वरून दुसरा लाव्हा आला. टेकडीचा कडा हा सारा इतिहास थर-थर मांडून दाखवितो.

दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, मुख्यतः दहा लाख वर्षांहून कमी अवधीत बाहेर पडला. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. नागपूर या लाव्हाप्रदेशाच्या पूर्व सीमेवर आहे. म्हणूनच काटोल-कळमेश्वरकडे काळी जमीन लागते आणि रामटेककडे गेले की दगडाचा व मातीचा रंगच पालटतो.

ज्वालामुखी तापमानावर दोन प्रकारे परिणाम करतो आणि हे दोन्ही परिणाम परस्परविरुद्ध आहेत. त्यातून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूपासून उंच वातावरणात अतिसूक्ष्म थेंबांचा पडदा तयार होतो. तो सूर्यप्रकाश परतवितो आणि पृथ्वी थंड होते. हा पडदा दोन-तीन वर्षांत विरतो. ज्वालामुखीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड मात्र हवेत दीर्घकाळ राहतो आणि उष्णता वाढवितो. दख्खनसारखे उद्रेक हजारो वर्षे वारंवार होत राहिले तर दुसरा परिणाम साचत जातो. डायनोसॉर नष्ट होण्यापूर्वीच्या काही लाख वर्षांत पृथ्वी काही अंशांनी तापली होती, असे सागरतळाच्या गाळावरून दिसते आणि त्याचा संबंध या उद्रेकांशी जोडला जातो. पुढे मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ प्रचंड अशनी आदळला. बाहेरून आलेल्या कारणाचे ते सर्वांत ढळढळीत उदाहरण होय. वरोऱ्याजवळील पिसदुरा येथे सापडलेली डायनोसॉरांची हाडे आपणांस त्याच युगाची आठवण करून देतात.

एकेकट्या उद्रेकाचा परिणाम किती टिकतो, याची अलीकडची दोन उदाहरणे आहेत. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा पर्वताचा स्फोट झाला आणि १८१६ साली युरोपात व ईशान्य अमेरिकेत उन्हाळा जणू आलाच नाही, पिके बुडाली. जून १९९१ मध्ये फिलिपाइन्समधील पिनातुबोचा उद्रेक झाला आणि पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. दोन-तीन वर्षांत ते पूर्वपदावर आले. ज्वालामुखीची खूण अशी असते : अचानक उतार आणि लवकरच भरपाई.

४. पृथ्वीचा भोवरा

आता सुमारे २० हजार वर्षांपूर्वीच्या काळाकडे येऊ. त्या वेळी भारत आजच्याच जागी होता, तरीही पृथ्वी आजच्यापेक्षा सुमारे ५ अंशांनी थंड होती. उत्तर अमेरिका व उत्तर युरोप यांवर बर्फाचे जाड थर होते आणि इतके पाणी बर्फात अडकले होते की सागराची पातळी सुमारे १२० मीटर खाली होती. कोकणचा किनारा तेव्हा आजच्यापेक्षा पुष्कळ पश्चिमेस होता. भूखंड न सरकता हे कसे घडले?

याचे उत्तर पृथ्वीच्या गतींत आहे. सर्बियन गणिती मिलुटिन मिलांकोविच यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे सविस्तर गणित मांडले आणि १९७६ साली सागरतळाच्या गाळाच्या अभ्यासाने त्याला भक्कम पुष्टी मिळाली. या गती तीन आहेत.

पहिली, कक्षेचा आकार. पृथ्वीची कक्षा कधी जवळजवळ वर्तुळाकार, तर कधी किंचित लांबट होते. या फेऱ्याला सुमारे १ लाख वर्षे लागतात.

दुसरी, आसाचा कल. तो आज सुमारे २३.४ अंश आहे. सुमारे ४१ हजार वर्षांच्या फेऱ्यात तो २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान बदलतो. सध्या तो कमी होत असून त्यामुळे कर्कवृत्त दरवर्षी सुमारे १५ मीटर दक्षिणेस सरकते. नकाशावर ठाम रेघ म्हणून शिकविलेले कर्कवृत्त प्रत्यक्षात चालते आहे, हे मुलांना सांगावे. मात्र ते २२.१ अंशांच्या खाली येणार नाही. २१ अंशांच्या किंचित वर असलेले नागपूर त्याच्या दक्षिणेसच राहील.

तिसरी, आसाचे डुलणे. वेग मंदावलेला भोवरा जसा डुलतो तसा पृथ्वीचा आस डुलतो. त्यामुळे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कोणत्या ऋतूत येते, हे सुमारे १९ ते २३ हजार वर्षांच्या फेऱ्याने बदलते. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, म्हणजे आपल्याकडे थंडी असताना. त्या वेळी अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते आणि जुलैच्या आरंभी ते सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर होते. "सूर्य जवळ येतो म्हणून उन्हाळा होतो," ही मुलांची, आणि कधी कधी मोठ्यांचीही, चुकीची समजूत दूर करण्याची ही चांगली संधी आहे.

या गतींमुळे सूर्याकडून वर्षभरात मिळणारी एकूण उष्णता फारशी बदलत नाही. ती कोणत्या ऋतूत व कोणत्या अक्षांशावर किती पडते, हे बदलते. उत्तरेकडील उन्हाळे सौम्य झाले म्हणजे हिवाळ्यातील बर्फ पुरते वितळत नाही. पांढरे बर्फ अधिक ऊन परतविते, त्यामुळे थंडी वाढते. थंड सागर अधिक कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, त्यामुळे थंडी आणखी वाढते. लहान धक्क्याने मोठा परिणाम होतो तो असा. परंतु या कारणाचा काळ हजारो वर्षांचा आहे, आणि गेल्या काही हजार वर्षांत त्याचा कल मंदपणे थंडीकडेच होता, हे विसरू नये.

५. सूर्याचे तेज

सर्व उष्णतेचे मूळ सूर्य आहे. तेव्हा सूर्यच अधिक तापला असेल, ही शंका स्वाभाविक आहे. सूर्याचे तेज अब्जावधी वर्षांत हळूहळू वाढत आले आहे, हे खरे. त्याशिवाय सूर्यावरील डागांची संख्या सुमारे ११ वर्षांच्या फेऱ्याने कमी-अधिक होते आणि तेजात हजारात एक भाग इतका फरक पडतो. १६४५ ते १७१५ या काळात, म्हणजे स्थूलमानाने शिवकालापासून शाहू महाराजांच्या कारकिर्दीच्या आरंभापर्यंत, सूर्यावर डाग फारच थोडे दिसले. त्या सुमारास युरोपात कडक हिवाळे पडले. मात्र ज्वालामुखींचाही त्यात वाटा होता आणि साऱ्या पृथ्वीच्या सरासरीत पडलेला फरक अंशाच्या लहानशा भागाइतकाच होता.

१९७८ पासून कृत्रिम उपग्रहांद्वारे सूर्याचे तेज मोजले जात आहे. तेव्हापासून त्यात वाढीचा कल दिसलेला नाही. पृथ्वीचे तापमान मात्र याच काळात वेगाने वाढले.

६. सागराची देवघेव

वरील कारणे हवामानाच्या व्यवस्थेवर बाहेरून कार्य करतात, म्हणून त्यांना बाह्य कारणे म्हणतात. याखेरीज सागर आणि वातावरण यांच्यात उष्णतेची आपसांतील देवघेव चालते. पॅसिफिक महासागराच्या पूर्व व मध्य भागातील पाणी दर दोन ते सात वर्षांनी नेहमीपेक्षा अधिक तापते. त्यास एल् निनो म्हणतात. त्या वर्षी पृथ्वीची सरासरी किंचित वाढते आणि आपला मोसमी पाऊस पुष्कळदा कमी पडतो. १८७७ चा दुष्काळ आणि वयोवृद्धांच्या स्मरणातील १९७२ चा दुष्काळ ही दोन्ही एल् निनोची वर्षे होती. उलट १९९७ साली तीव्र एल् निनो असूनही देशात पाऊस साधारण सरासरीइतका झाला. या देवघेवीच्या अभ्यासाचा पाया भारतातील वेधशाळांचे प्रमुख (१९०४ ते १९२४) गिल्बर्ट वॉकर यांनी घातला, ही अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट आहे.

परंतु देवघेवीत एकाची उष्णता दुसऱ्याकडे जाते, एकूण भांडवल वाढत नाही. आज हवा, जमीन आणि सागर या तिघांचीही उष्णता एकाच वेळी वाढत आहे. हे एका खिशातील पैसे दुसऱ्या खिशात घालण्यासारखे नाही, बाहेरून भर पडत असल्याचे ते लक्षण आहे.

७. आजच्या वाढीची पारख

१८५० ते १९०० या काळाच्या तुलनेने २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंशाने अधिक होते. त्यानंतरही ते चढतेच राहिले असून २०२४ हे नोंदींतील तोवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. कोणी म्हणेल, एका अंशाने काय होते? हिमयुगातून बाहेर पडताना पृथ्वी सुमारे १० हजार वर्षांत सुमारे ५ अंशांनी तापली. म्हणजे एका अंशाला सरासरीने दोन हजार वर्षे लागली. आज तेच अंतर शे-दीडशे वर्षांत कापले गेले आहे.

आता प्रत्येक नैसर्गिक कारणास क्रमाने उभे करावे. भूखंडांची गती? तिला कोट्यवधी वर्षे लागतात. पृथ्वीच्या गती? त्यांना हजारो वर्षे लागतात आणि कल उलट दिशेला आहे. ज्वालामुखी? तो दोन-तीन वर्षे थंडी आणतो, आणि त्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड मनुष्याच्या इंधनातून निघणाऱ्याच्या शेकडा एक भागाहूनही कमी आहे. सूर्य? त्याचे तेज वाढलेले नाही. शिवाय सूर्यामुळे तापले असते तर वातावरणाचे वरचे व खालचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा तपांबराचा थर तापतो आहे आणि वरचा स्थितांबराचा थर थंड होतो आहे. ही खूण सूर्याची नाही. खाली जाड पांघरूण पडल्याची आहे.

ते पांघरूण कोणते? पौषातील रात्री आकाश निरभ्र असेल तर आपल्याकडे कडाका पडतो, आणि ढग आले की थंडी कमी होते, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. जमिनीची उष्णता वर जाताना ढग आणि बाष्प तिला अडवितात. कार्बन डायऑक्साइडही तसेच करतो, हे जॉन टिंडल यांनी १८५९ पासूनच्या प्रयोगांनी दाखविले. अंटार्क्टिकाच्या बर्फात कोंडलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून असे दिसते की, गेल्या ८ लाख वर्षांत हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे प्रमाण सुमारे १८० ते ३०० भागांच्या दरम्यान राहिले. कारखान्यांचे युग येण्यापूर्वी ते सुमारे २८० होते. १९५८ साली हवाई बेटावर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते सुमारे ३१५ होते. आता ते ४२० च्या पुढे गेले आहे.

येथे आपण पुन्हा आपल्या भूमीकडे येतो. इरईचे बर्फ वितळल्यानंतर त्या ताल्चिर थरांच्या वर दलदलींत अरण्ये वाढली, गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. उमरेड, कामठी, चंद्रपूर येथील खाणींतून निघतो तो हाच कोळसा. त्या झाडांनी हवेतून शोषलेला कार्बन २५ कोटींहून अधिक वर्षे जमिनीखाली कुलूपबंद होता. कोराडी, खापरखेडा येथील भट्ट्यांत आणि जगातील सर्व देशांच्या भट्ट्यांत तो आता पुन्हा हवेत जातो. निसर्गाने कोट्यवधी वर्षांत पुरलेले आपण दोनशे-अडीचशे वर्षांत उकरून जाळीत आहोत. त्याच कोळशाने आपल्या शाळेत दिवा आला, हेही खरे आहे, म्हणून कोणास दोष देण्याच्या भावनेने हा पाठ शिकवू नये. हिशेब म्हणून शिकवावा.

८. पाठाची मांडणी

दोन तासिकांत हा पाठ पुरा होईल.

(अ) पाटी व विजेरी : अंधाऱ्या खोलीत पाटीवर सरळ प्रकाश पाडावा, मग पाटी तिरपी करावी. प्रकाश पसरतो आणि मंद होतो. ऋतू किरणांच्या कलाने होतात, अंतराने नव्हे, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

(आ) भोवरा : वर्गातील तरबेज मुलास भोवरा फिरविण्यास सांगावे. तो डुलू लागताच आसाचे डुलणे दाखवावे.

(इ) काठीची सावली : मेच्या अखेरीस नागपूर परिसरात माध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या वेळी शाळेस सुट्टी असते, म्हणून हे निरीक्षण सुट्टीचा गृहपाठ म्हणून द्यावे.

(ई) रात्रीची नोंद : डिसेंबर व जानेवारीत शाळेच्या व्हरांड्यात, सावलीत, तापमापक टांगावा. रोज शाळा भरताच तापमान लिहावे आणि आदली रात्र निरभ्र होती की ढगाळ, हे शेजारी नोंदवावे. महिनाअखेर दोन्ही प्रकारच्या रात्रींची सरासरी मुलांनी काढावी.

(उ) काळाची पावले : पटांगणात एक पाऊल म्हणजे एक हजार वर्षे धरावे. मागील हिमयुग वीस पावलांवर येते. पाऊल पाऊण मीटरचे धरल्यास सीताबर्डीचा लाव्हा सुमारे ५० किलोमीटरवर, म्हणजे नागपूरहून रामटेकला जावे इतक्या अंतरावर, आणि इरईचे बर्फ २२५ किलोमीटरवर, अमरावतीच्याही पलीकडे जाते. कोळशाच्या यंत्रांचे युग मात्र एका पावलाच्या चतुर्थांशात मावते. ही तुलना मुले कधी विसरणार नाहीत.

उजळणीसाठी प्रश्न : १) इरई येथील ओरखडे हिमनदीचेच, असे कशावरून म्हणता येते? २) ज्वालामुखी थंडी कशी आणतो आणि ती लवकर का संपते? ३) एल् निनोमुळे पृथ्वीच्या एकूण उष्णतेत भर का पडत नाही? ४) आजची वाढ सूर्यामुळे नाही, याची कोणती खूण वातावरणाच्या थरांत दिसते?

९. समारोप

आता ओसरीवरील त्या वृद्ध गृहस्थांस काय उत्तर द्यावे? "काका, आपण म्हणता त्यात तथ्य आहे. ऊन पूर्वीही होते. पृथ्वी पूर्वीही बदलत होती, इतकी की आपल्या चंद्रपूरकडे बर्फ होते आणि आपल्या नागपुरात लाव्हा वाहत होता. पण ते बदल ज्या कारणांनी झाले, त्या कारणांचा माग आम्ही काढून पाहिला. आजच्या बदलाजवळ त्यांच्यापैकी एकाचीही खूण सापडत नाही. जी सापडते ती आपल्याच चुलीची आणि भट्टीची आहे."

ते गृहस्थ लगेच मान्य करतील असे नाही, आणि तशी घाईही नसावी. पण शेजारी उभा असलेला मुलगा दोन गोष्टी शिकेल. एक, निसर्गाने केलेले नाकारावयाचे नाही. दुसरी, आपण केलेले निसर्गाच्या माथी मारावयाचे नाही. निसर्गाच्या हातातील कारणे आपणांस थांबविता येत नाहीत. आपल्या हातातील कारण मात्र आवरता येते. पुढची पन्नास-साठ वर्षे या उन्हात शेती करावयाची आहे ती त्याच मुलाला. तेव्हा त्याला खरा हिशेब ठाऊक असणे हा त्याचा हक्क आहे, आणि तो त्याच्या हाती देणे हे आपले काम आहे.